तो उठेपर्यंत मातीबाहेर

कुस्तीच्या दिवशी काकाजी कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. खांद्याला स्वतःची छागल लटकवून यायचे आणि तिचं बूच काढल्यावर आधी वास घ्यायचे. एकदा मी विचारलं, “काकाजी, घरून भरून आणलं न? मंग वास काहून घेता? काकूनं काही मिसळलं असन काय?”

ते रागावले नाहीत. नीट विचार करून म्हणाले, “तिनं नसन मिसळलं. पन वाटेत छागल झाडाले टांगली होती, आन माहा डोळा लागला होता.”

त्यांचं नाव मी इथं देत नाही. त्यांचे नातू अमरावतीत आहेत, आणि त्यांनाही आजोबांचा स्वभाव मिळालेला आहे. आम्ही पहिलवान मंडळी त्यांना काकाजी म्हणत असू. पाठीमागं काय म्हणत असू ते लिहिण्यासारखं नाही.

ते दिवसच वेगळे होते. तिकडं अमेरिकेत कुठं तरी लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात माणसं एकाएकी शेठ झाली. विलायतेला कापूस हवा होता आणि तो आमच्या काळ्या मातीत पिकत होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि घोडे, हवेल्या, नाचगाणी सगळं करून झाल्यावर अमरावती-अकोल्याच्या अडत्यांना पहिलवान पाळायची हौस सुटली. मी असाच एका अमरावतीच्या अडत्याचा पाळलेला पहिलवान. दूध, तूप, बदाम सगळं त्याचं. माझं फक्त अंग. त्याच्या बैलांच्या शेंब्या आणि माझ्या मनगटातलं कडं एकाच सोनारानं घडवलं होतं. काम एकच, अकोल्याच्या गड्याला पाडायचं.

हौसेची कुस्ती होती तोवर लोक पडत आणि उठत. शेठ लोक इरेला पेटले तशी हाडं मोडू लागली. कुणी नखं वाढवून यायचा, कुणी अंगाला तेल चोपडून यायचा, कुणी केसात मिरचीची पूड भरून यायचा. बोटं मोडली, गुडघे निखळले, एकाचा कान तुटला. तक्याला टेकून बसलेले शेठ “वा रे पठ्ठे” म्हणायचे. असल्या दंगलीला कुणी सरळ माणूस पंच होऊन उपयोग नव्हता. तिथं काकाजीच हवे होते.

त्यांचा धंदा कापूस पारखण्याचा. अमरावतीच्या बाजारात गाडी आली की काकाजी वरचा कापूस बघतसुद्धा नसत. बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग आतून ओला कापूस निघे, सरकी निघे, एकदा तर चांगला पाटा निघाला. “वरून सारेच पांढरे दिसतात,” एवढंच ते म्हणत आणि पुढच्या गाडीकडं वळत.

आखाड्यातही तेच. कुस्तीआधी उकरलेल्या मातीत खांद्यापर्यंत हात घालून ते सराट्याचे काटे काढायचे. प्रत्येक गड्याची नखं आपल्या नराणीनं स्वतः कापायचे. घरून कापून आलेल्याचीही पुन्हा कापायचे. शेंडी सोडायला लावून झटकायचे. खिशात कापसाचा बोळा असे, तो पाठीवरून फिरवून उजेडात धरायचे. बोळ्याला तेलाचा डाग दिसला की गड्याला राखेनं अंग घासून यावं लागे. शेठ ओरडायचे, ढोलवाले खोळंबायचे, उन्हं कलायची. काकाजींचा बोळा आपला फिरतच असे.

माणसाच्या तोंडाकडं मात्र ते कधी बघत नसत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या हातावर असे. नवख्याला वाटायचं आपल्या हाताला काही लागलंय. त्यांचं म्हणणं असं, की कापसात पाणी घातलेला माणूस ‘कोरडा आहे’ म्हणताना अंगठा मुठीत घालतो. वर्षानुवर्षं बाजारात पाहिलंय म्हणे. “तोंड शिकवलेलं असते गा,” ते सांगायचे. “हात बिचारा अडानी आहे. त्याले खोटं बोलता येत नाही.”

आम्ही तेव्हापासून त्यांच्यासमोर हात पसरून बोलायची सवय लावून घेतली. त्यावर त्यांचा संशय आणखी वाढला.

आता खरं सांगायचं तर आमचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. सगळ्यांना तपासणाऱ्याला कोण तपासणार? माझा शेठ छातीठोकपणे सांगे, की अकोलेवाले त्यांना आतून काही पोचवतात. अमरावतीजवळच्या वलगावच्या दंगलीत दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या मागावर गेलो. ते कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ओळींतून चालत एका बाभळीखाली गेले, एकटेच बसले, भाकरीचं फडकं सोडलं. मी बांधाआड दबा धरून होतो. मागं न वळता ते म्हणाले, “ये, सावलीत बस. माह्यावर पाळत ठेवून राहिला त बेस करून राहिला. मीही ठेवली असती.”

मी जाऊन बसलो. भाकरी मात्र त्यांनी दिली नाही. “उद्या अकोलेवाले म्हनतीन पंचानं अमरावतीच्या गड्याले चारलं,” म्हणाले आणि माझ्यादेखत कांदा फोडून सगळी भाकरी संपवली.

काकाजींनी आमच्या मुलखात दोन नियम आणले होते. पहिला असा, की मान अडकली आणि आता मोडते असं वाटलं, तर खालच्या गड्यानं मातीवर तीनदा हात आपटायचा. वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. हार नाही, जीत नाही, दोघं पुन्हा उभे. दुसरा नियम असा, की ज्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, त्यानं तो दुसरा बरा होऊन उठेपर्यंत मातीत पाय ठेवायचा नाही. मुद्दाम केलं की चुकून झालं, हा प्रश्नच नाही.

नियम चांगले होते. पण कापसात पाणी घालणारा मुलूख तो. हरायला आलेला गडी काही दुखत नसताना हात आपटून सुटू लागला. आणि एका शेठनं तर बऱ्या झालेल्या गड्याला दोन महिने खाटेवर निजवून ठेवलं, का तर ज्यानं त्याला पाडलं तो तितके दिवस बाहेर राहावा. काकाजी न सांगता त्याच्या घरी जाऊन थडकले, पांघरूण वर केलं आणि तळवे पाहिले. भेगांत ताजी माती होती. तेव्हापासून दुखणाईताचे तळवे तपासणं हाही त्यांच्या कामाचा भाग झाला.

अकोल्याचा जो गडी माझ्या जोडीला होता तो मोर्णा नदीकाठच्या एका माळ्याचा मुलगा. बाप नव्हता. माय भाजी पिकवून बाजारात बसे. हसरा होता, चपळ होता, आणि लबाड होता. वलगावला मी त्याची मान काखेत धरली होती, पडल्यातच जमा होता, तेवढ्यात त्यानं तीनदा हात आपटला. मी सोडलं. तो उठला, माझ्याकडं बघून हसला आणि मी सावरायच्या आत पट काढून मला चीत केलं. काकाजींना कळलं होतं, पण शाबीत करता येईना. त्यांनी माझी हार पुकारली आणि जाताना त्याला म्हणाले, “तुहा हात म्या पाहून ठेवला बरं.” त्यांना ते फार लागलं. मला किती लागलं ते सांगत नाही.

तीनेक महिन्यांनी अकोल्याला आमची पुन्हा जोड लागली. नदीकाठी माणूस मावत नव्हता, ढोल कानठळ्या बसवत होते. पुन्हा त्याची मान माझ्या काखेत आली आणि मी त्याला घेऊन मागं उलटलो. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो माझ्याकडं बघत पडून राहिला, उठेना. त्यानं हात आपटला होता असं कडेचे लोक ओरडू लागले. मी म्हणालो, ढोलात मला काही ऐकू आलं नाही.

माझा शेठ पुढं झाला. “काकाजी, याच्या मनात काही नव्हतं.”

“याचं मन कोनी पाह्यलं?” काकाजी म्हणाले. “तो पडला हे पाह्यलं. तो उठेपर्यंत हा मातीबाहेर.”

पहिलवानाची उमेदीची वर्षं ती किती! शेठ दुसरा गडी शोधणार, माझं दूध-तूप बंद होणार आणि मी गावी जाऊन औत धरणार हे मला दिसत होतं. मी जोर-बैठका मारत राहिलो आणि त्या माळ्याच्या पोराच्या उठण्याची वाट पाहू लागलो. तो सोंग करतोय याची मला खात्री होती. वलगावला नव्हतं केलं?

काकाजींनाही तोच संशय होता. दर महिन्याला ते अकोल्याला जायला निघत आणि मला बरोबर घेत. “तू डोळ्यानं पाह्य. नाहीतर म्हनशीन, काकाजीनं अकोल्याचं खाल्लं.” बैलांच्या दमणीतून दोन मुक्कामांचा रस्ता. मूर्तिजापूरकडं रेल्वेसाठी मातीचा भराव टाकणं चालू होतं. काकाजी तिथं उतरून भरावातही हात घालून बघायचे आणि “पोकळ आहे” म्हणून परत येऊन बसायचे. वाटभर आमचं बोलणं एकच, तो खरा की खोटा. संशयासारखी सोबत नाही. रस्ता कधी सरे ते कळत नसे.

मळ्यात कडुनिंबाखाली बाजेवर तो पडलेला असे. कमरेखाली हालचाल नव्हती. त्याची माय आम्हाला पाहून वांग्यांच्या वाफ्यात जाई. काकाजी चादर दूर करत, तळव्यावरून नराणीची धार ओढत, बोटांच्या बेचक्यात काडी घालत. मी त्याच्या पापण्यांकडं टक लावून बघे. परतताना मी म्हणे, “काकाजी, डावा डोळा हालला बरं.” ते म्हणत, “माशी होती. पन पुढल्या बारीले नदीकडून येऊ.”

आणि खरंच पुढल्या खेपेला आम्ही नदीकडून, मिरच्यांच्या वाफ्यांतून, दबकत गेलो. दोन वाढलेली माणसं, त्यातला एक साठीचा! विहिरीजवळ ओलं पाऊल उमटलेलं दिसलं. काकाजींनी काडी मोडून त्याचं माप घेतलं आणि बाजेपाशी जाऊन त्याच्या पावलाला लावलं. पाऊल त्याच्या मायचं निघालं. ती कडेवर घागर घेऊन मागंच उभी होती.

“तुमी पायच पाहाले येता बाप्पा,” ती म्हणाली. “पोराले पाहाले कवा येनार?”

काकाजींनी हातातली काडी टाकून दिली. मला तर तिचाही संशय आला. इतकी सरळ बोलते म्हणजे काही तरी लपवत असणार, असं मी वाटेत म्हणालोसुद्धा. त्या वेळी पहिल्यांदाच काकाजींनी मला दुजोरा दिला नाही.

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस बाजारात बातमी आली, अकोल्याचा गडी उठला. शेठनं पेढे वाटले. मी त्याच दिवशी दमणी जुंपली.

आम्ही पोचलो तर तो खरंच बसलेला होता. बाज झाडापाशी सरकवलेली, पाठ कडुनिंबाच्या बुंध्याला टेकलेली, डोक्याला फेटा, छातीपासून मांडीपर्यंत घोंगडी पांघरलेली, पाय खाली सोडलेले आणि पायांत कोरा करकरीत जोडा. अंगण सारवून रांगोळी घातली होती. तो मोठ्यानं म्हणाला, “या काकाजी. उठलो. चालतोही आता. या पहिलवानाले मोकळं करा, आन तुमीही मोकळे व्हा.”

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. काकाजी खाली बसले. त्यांनी एका पायातला जोडा काढला, आत बोट फिरवून पाहिलं. आत धुळीचा कण नव्हता. तळवा तान्ह्या लेकरासारखा मऊ होता. मग ते उठले, बाही वर सारली आणि त्याच्या पाठीआड, बुंध्याच्या बाजूनं, खांद्यापर्यंत हात घातला. डोळे मिटून तसेच उभे राहिले. मी ओळखलं, आत काहीतरी लागलं होतं.

त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा मुठीत लुगड्याचा पदर होता. त्याच्या मायनं त्याला कमरेपासून छातीपर्यंत झाडाला बांधून बसवलं होतं.

“काहून रे?” काकाजी एवढंच म्हणाले.

त्याचं हसू गेलं. “दर महिन्याले माय अंगन सारवते, की मोठे लोक येऊन राहिले म्हनून. आन तुमी माह्ये तळवे खरवडून चालले जाता. मले वाटलं, उठलो असं सांगितलं की तुमी यायचे नाई.” मग दम घेऊन म्हणाला, “वलगावले मी खोटा होतो, काकाजी. इथं खरा होतो. तीनदा आपटला हात.”

माय वाफ्यातून उठून आली होती. ती पदराची गाठ सोडू लागली. काकाजींनी तिला हातभार लावला, त्याला दोघांनी मिळून निजवलं. मी नुसता उभा होतो. काकाजी त्याच्या उशाशी बसले आणि मातीकडं बघत बोलू लागले.

“मले दिसला होता तुहा हात. पहिल्यांदा आपटला तवाच दिसला. मले वाटलं, वलगावचंच सोंग आहे. म्हटलं, या बारीले फसाचं नाई. म्या ‘सोड’ म्हटलं असतं, त ढोलातही माहा आवाज गेला असता. म्या तोंड उघडलं नाई.” मग ते माझ्याकडं वळले. “याले त ऐकू गेलं नव्हतं. नव्हतं न गेलं?”

तिघंही माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “नाई काकाजी.”

काकाजी माझ्या तोंडाकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या डोळ्यांना डोळा दिल्याचं मला आठवत नाही. “बरं,” ते म्हणाले. “मंग इजा माह्या हातून झाली. तू मोकळा. आता तो उठेपर्यंत मी मातीबाहेर.”

त्यानंतर काकाजींनी एकही कुस्ती पुकारली नाही. शेठ लोकांनी गाड्या पाठवल्या, गेले नाहीत. अकोल्याला मात्र दर महिन्याला जात राहिले, एकटे. मळ्यात बसून त्याच्या तळव्यांना तेल चोळतात असं कानावर यायचं. आणि तिथं ते त्या मायच्या हातचं पाणी पितात, हेही एकानं सांगितलं, पण ते मला तेव्हा खरं वाटलं नाही. तो गडी पुढं चार वर्षं जगला. उठला नाही.

मी पुन्हा मातीत उतरलो. नवा पंच शेठ लोकांच्या तक्याशी बसून पान खायचा. पहिल्या दिवशी मी सवयीनं त्याच्यापुढं दोन्ही हात धरले, तर तो म्हणाला, “काय मांगतं बे?” मी काही कुस्त्या जिंकलो. मग तिकडची लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला आणि पहिलवान पाळणारे शेठ स्वतःच कुठं तोंड लपवून बसले. मी गावी येऊन औत धरलं. अकोल्याच्या त्या मळ्यात मी पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं.

आता तो नाही, त्याची माय नाही, काकाजीही नाहीत, म्हणून लिहितो. मला ऐकू आलं होतं. ढोल वाजत होते तरी तिन्ही वेळा ऐकू आलं. हात माझ्या पायाशीच आपटत होता. सोडायला वेळही होता. मला वलगावचं त्याचं हसू आठवलं आणि मी सोडलं नाही. काकाजींनी आपल्या डोक्यावर घेतलं ते ओझं माझं होतं आणि मी ते घेऊ दिलं.

त्या दिवशी कडुनिंबाखाली ‘नाई’ म्हणताना माझे दोन्ही हात समोरच होते, आणि दोन्ही अंगठे मुठीत. मला ते जाणवलं, पण बाहेर काढायचं धाडस झालं नाही. हात हलला तर त्यांची नजर तिकडं जाईल अशी भीती वाटली. ती गेली नाही. ते माझ्या तोंडाकडंच बघत होते. हाताकडं बघायचं ते विसरले असतील, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण विसरणारा माणूस नव्हता तो.